भाऊसाहेबांचं शंभर उंबऱ्यांचं गाव

दुपारी चारच्या ठोक्याला आमचे शेजारी वाघमारे भाऊसाहेब हातपाय धुतात, केसांना पाणी लावून भांग पाडतात, इस्त्रीचा शर्ट चढवतात, खिशाला पेन लावतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूंना सांगतात, "गावात जाऊन येतो." मग उंबऱ्याबाहेर पाऊलही न टाकता गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि टॅबलेट उघडतात. त्यांचं गाव त्या टॅबलेटमध्ये आहे.

मी एकदा विचारलं, तिथं सगळं बोटानं चालतं, मग पेन कशाला? म्हणाले, "सर, बत्तीस वर्षं ग्रामसेवक व्हतो. पेनाबिगर गावात गेलो की मलाच वाटतंय, मी रजेवर हाय."

किनवटच्या जंगलातल्या खेड्यांपासून कंधारपर्यंत नोकरी करून भाऊसाहेब निवृत्त झाले आणि नांदेडला आमच्या कॉलनीत राहायला आले. पहिले दोन महिने त्यांनी कॉलनीतल्या नाल्यांची पाहणी केली. लोक दार लावून घ्यायला लागले, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रज्ञानं, त्यांच्या मुलीनं, त्यांना हा ऑनलाइन गेम लावून दिला. त्यात कुठकुठले लोक एकाच वेळी खेळतात. कुणी योद्धा होतो, कुणी वैदू, कुणी शिकारी. तिला वाटलं, बाबा चार राक्षस मारतील, वेळ जाईल.

भाऊसाहेबांना पहिल्याच दिवशी एक तलवार मिळाली. त्यांनी तिनं जमीन मोजली. एक तलवार म्हणजे अडीच हात धरून त्यांनी ओढ्याकाठी गावठाण आखलं, आधी विहिरीची जागा, मग गायरान, मग स्मशानभूमी. सांगलीचा एक कॉलेजातला पोरगा 'कर्दनकाळ' या नावानं त्यांच्यासोबत खेळायचा. तो टॅबलेटमधून ओरडला, "काका, इथं माणूस मरत नाही. मेला तरी दहा सेकंदांत उठून बसतो."

"उठू द्या की. जागा राखीव असलेली बरी. मागून मिळत न्हाई."

मी शाळेत भूगोल शिकवतो. वस्ती कशी वाढते, हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. त्यामुळं मी खुर्ची ओढून शेजारी बसायला लागलो, सल्ले द्यायला. गेममध्येही गणित पुस्तकातल्यासारखंच होतं. पाणी, धान्य आणि निजायला जागा असली की खेळणारे येऊन घरं बांधतात. त्यांच्या पाठोपाठ गेमच्या पोटातले लोहार, कुंभार, विणकर आपोआप येऊन राहतात. उंबरे वाढले की कोठार भरतं आणि कोठार भरलं की लुटारूंना वास लागतो. म्हणून गावाला भिंत घालायची.

येणाऱ्या प्रत्येकाला भाऊसाहेब रहिवासी दाखला द्यायचे. कागदावर सुवाच्य अक्षरात, जावक क्रमांक घालून, फोटो काढून पाठवायचे. मुंबईचे, इंदूरचे गडी तलवारी घेऊन आलेले, त्यांच्या हातात दाखला. शिवाय घरी खरीखुरी नोंदवही होती. मी ती चाळून म्हणालो, "भाऊसाहेब, आडनावाचा रकाना राहिला की."

"राहिला न्हाई. ठेवलाच न्हाई."

पण सगळ्यांच्या डोक्याला ताप होता तो भिंतीचा. शहाणे खेळाडू भिंत एकदाच घालतात, आवळून. मागून आलेल्यांनी बाहेर झोपड्या घालाव्यात. भाऊसाहेबांचं तसं नव्हतं. भिंतीबाहेर एक घर उभं राहिलं की हे भिंत पाडायचे आणि ते घर आत घेऊन पुन्हा बांधायचे. गाव वाढत होतं, म्हणजे भिंत सारखी पडतच होती. अकरा वेळा पाडली. कर्दनकाळ रडकुंडीला यायचा. "काका, अर्धा वेळ मी दगडच उचलतोय. मी योद्धा आहे."

"मग उचला की. ताकद कशाला दिली?"

कर्दनकाळची बाजू मला पटत होती. मी वर्गातल्या आवाजात समजावलं, "भाऊसाहेब, कुठलंही जुनं गाव घ्या. मधे गाव आणि थोडी घरं बाहेर असतातच. वस्तीची रचनाच तशी असते."

भाऊसाहेबांनी टॅबलेटवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले, "असतेत." आणि पुन्हा दगड मोजायला लागले.

असं करत करत शंभर उंबरे भरले. त्या रविवारी संध्याकाळी पाचला लुटारूंची मोठी धाड येणार होती. शंभरच्या शंभर घरं टिकली की गावाला बाजारपेठेचा दर्जा मिळणार होता. भाऊसाहेबांनी बाजाराचा वारही ठरवला होता, मंगळवार. काकूंना म्हणाले होते, "दर्जा मिळू दे, मग मी एक दिवस सुट्टी घेतो." चार वर्षांत त्यांनी गावातून सुट्टी घेतली नव्हती.

साडेचारला 'चिमणी' नावाची कुणी नवी मुलगी खेळायला आली. तिनं जागा दिसली तिथं, पश्चिमेच्या भिंतीबाहेर ओढ्याच्या काठाला, झोपडी बांधली. एकशे एकावा उंबरा. भाऊसाहेब खुर्चीत ताठ झाले.

कर्दनकाळनं ओळखलं. "काका, आज नको. ती बाहेर आहे ते बरंच आहे. लुटारू आधी तिची झोपडी जाळत बसतील, तेवढ्यात आपण तयार होतो."

चिमणीचा बारीक आवाज आला. "हो काका. मी बाहेरच राहते. मला चालेल."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "मला न्हाई चालत, बाई," म्हणाले आणि पश्चिमेची भिंत पाडायला घेतली.

मी म्हणालो, उद्या घ्या आत. कर्दनकाळनं हात जोडले असतील, दिसत नव्हते. पाचला लुटारू आले तेव्हा भिंतीला बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं. ते झोपडीकडं ढुंकूनही न पाहता त्या खिंडारातून सरळ कोठारावर गेले. एकोणचाळीस घरं जळाली, कोठार गेलं, बाजार गेला. चिमणीची झोपडी तेवढी जशीच्या तशी. "काका, तुम्ही गाव घालवलं," असं म्हणून कर्दनकाळ निघून गेला.

काकू चहा घेऊन आल्या. पडद्यावरचा धूर बघून म्हणाल्या, "जळालं का? बरं, चहा घ्या. इथलं घर हाय अजून."

मला राहवलं नाही. "भाऊसाहेब, एका झोपडीपायी?"

"सर, जळकोटकडं तुमच्या गावात तुमचं घर कुठं?"

"मधोमध. चावडीसमोर."

"आमचं वेशीभाईर, ओढ्याला. पूर आला की आधी आमच्या घरात पाणी. मग गावातले लोक म्हणायचे, त्यांच्यात शिरलं, आता आपण आवरायला घ्यावं. आमच्या घरावरून पाणी मोजायचे, सर." त्यांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला. "बाप म्हणायचा, गावात जागा मागू. माय म्हणायची, राहू द्या, चालतंय आपल्याला. त्या पोरीचं बोलणं ऐकलं अन् मला मायचाच आवाज आला."

मला फार लाज वाटली. वीस वर्षं मी फळ्यावर गावाचा नकाशा काढतो आहे. एक गोल, आणि गोलाबाहेर चार ठिपके. ते ठिपके कोण, हे मी कधी सांगितलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. वस्तीची रचना तशी असते, हे मी कुणाला शिकवत होतो?

दुसऱ्या दिवशी चारला भाऊसाहेबांनी हातपाय धुतले, भांग पाडला, पेन लावलं. काकूंना सांगून ते गावात गेले. मीही माझ्या मोबाईलवर गेम घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. बघतो तर कर्दनकाळ त्यांच्याआधी येऊन पश्चिमेला दगड रचत होता आणि चिमणी दगड आणून देत होती. "ओढ्यापर्यंत घेतोय, काका," तो कुरकुरला. "पण हे शेवटचं."

"हाव, शेवटचं," भाऊसाहेब म्हणाले. बाराव्यांदा.

मग त्यांनी नोंदवही उघडली आणि रीतसर माझ्याकडं वळले. "नाव सांगा. नुसतं नाव."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"घर कुठं पाहिजे?"

"कुठंही द्या," मी म्हणालो. "आत जागा नसली तर बाहेर."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कुठंबी बांधा, सर. भिंत मागून येती."