राणीसाहेबांस इंग्रजी पुस्तक निवडिलें त्याची हकीकत

श्रीगजवदनास एक नमस्कार, शारदेस दोन, कारण या प्रसंगीं सगळी मेहनत तिजलाच पडली. शके सत्राशें एकुणपन्नास, सर्वजित् नाम संवत्सर, ते वर्षीं आमचे राज्यावर, ज्याचें नांव सांगों नये असा हुकूम आहे, मोठें संकट आलें. राजे निवर्तले होते, आणि गादीवर राणी तुळजाबाईसाहेब बसल्या होत्या, आणि टोपीकर साहेबाचा निरोप आला कीं, यापुढें राज्याचे कागद इंग्रजींत होतील, ते बाईसाहेबांनीं स्वतः वाचावे, मार्गशीर्षांत आम्ही येऊन परीक्षा घेऊं, वाचतां न आलें तर कारभार आमचा मनुष्य पाहील आणि बाईसाहेबांनीं गंगातीरीं जाऊन रहावें. हें ऐकोन दरबारच्या तोंडचें पाणी पळालें. बाईसाहेब मात्र एवढेंच बोलिल्या, “मला गंगातीरीं जावयाचें नाहीं. पुस्तक आणवा.”

मग पुस्तक निवडण्याचें काम दिवाण विसाजीपंत यांनीं आपणांकडे घेतलें. पंत मोठे मुत्सद्दी, निष्ठेस खोट नाहीं, परंतु मानपान म्हटलें कीं त्यांस दुसरें दिसत नसे. त्यांनीं ठरविलें कीं जें पुस्तक उचलावयास दोन असामी लागत नाहींत तें राणीसाहेबांपुढें ठेवणें म्हणजे राज्याचा उपमर्द, आणि बंदराहून असा एक ग्रंथ मिळविला कीं कातडी बांधणी, सोनेरी कडा, पितळी कुलूप, आणि तो हत्तीवर अंबारींत घालोन वाजतगाजत आणिला. ग्रंथांत होते जहाजांच्या भाड्यातोट्याचे कायदे. आमचे राज्यास समुद्र नाहीं. पण पंतांस वजन पसंत पडलें.

शिकवावयास वसईकडील किरिस्ताव पेद्रू मास्तर ठेविले होते. त्यांणीं ग्रंथ उघडिला, दोन पानें उलटिलीं आणि लागलाच मिटला, परंतु दिवाणजींचे निवडीस नांवें कोण ठेवील, म्हणोन निमूट शिकवूं लागले. बाईसाहेब अक्षरें जुळवीत, एक ओळ उतरत, तों मागली विसरत. श्रावण गेला, भाद्रपद गेला, पहिलें पान सरेना. ज्या बाईसाहेबांनीं बंडखोर घोडीस लगाम घातला त्या पुस्तक पाहतांच डोकें धरूं लागल्या, आणि एके दिवशीं डोळ्यांस पाणी आणोन बोलिल्या, “मास्तर, खरें सांगा. माझीच बुद्धि जड आहे काय?” तेव्हां मास्तरांस राहवेना. म्हणाले, “नाहीं सरकार. हें पुस्तक माझेच्यानेंही धड वाचवत नाहीं.”

हें ऐकोन बाईसाहेब आधीं रागावल्या, मग मोठ्यानें हसल्या, आणि त्या हसण्यानें आम्हां सर्वांस किती हायसें वाटलें तें काय सांगावें. मग त्यांणीं बंदराहून मिळतील तीं सगळीं पुस्तकें मागविलीं, सुपारीचें तबक जवळ घेतलें, आणि आपली रीत सुरू केली. कोणतेंही पुस्तक मध्येंच उघडावें, पान वाचावें, जो शब्द अडेल त्यावर सुपारी ठेवावी. पान सरतां सुपाऱ्या मुठींत मावल्या नाहींत तर पुस्तक परत. जहाजांचे ग्रंथावर तबक रितें झालें. मग मास्तर घाबरोन दुसरे टोकास गेले आणि तान्ह्या लेंकरांचीं चित्रांचीं पुस्तकें आणिलीं. त्यांवर एकही सुपारी पडेना. बाईसाहेब म्हणाल्या, “कोंबडी लाल आहे, हें कळलें. पुढें तिचें कांहीं होतें काय?” मास्तर म्हणाले, “नाहीं सरकार, ती लालच राहते.” तेंही परत केलें.

शेवटीं एक पातळ पोथी हातीं लागली. एका गाडीवानाची घोडी चोरीस जाते आणि तो ती शोधीत गांवोगांवच्या बाजारांतून फिरतो, इतकीच गोष्ट. पानागणिक दोन-चार सुपाऱ्या पडत, परंतु बाईसाहेब थांबेनात, कारण घोडी कोणी नेली हें कळावयाचें होतें. पंत कळवळोन म्हणाले, “सरकार, एवढीशी पोथी! लोक काय म्हणतील?” बाईसाहेब बोलिल्या, “पंत, मान द्यावयाचा तर हिलाही अंबारींत बसवा. वाचणार मी आहें.” मग खरोखरच तिची मिरवणूक काढिली, आणि रस्त्यावरील लोक टांचा उंचावोन पाहत, अंबारींत कोण आहे तें कोणास दिसेना, तरी सर्वांनीं मुजरे केले. घोडी सांपडली ते दिवशीं वाड्यांत साखर वाटिली. मग तिजहून किंचित् अवघड, मग त्याहूनही, असें करीत मार्गशीर्ष उजाडला.

साहेब आले. बाईसाहेब पाठ केलेलें वाचतील असा वहीम धरोन त्यांणीं आपले अंगरख्याचे खिशांतलें पुस्तक काढिलें आणि मधलेंच पान पुढें केलें. पंतांनीं डोळे मिटले. बाईसाहेब वाचूं लागल्या. नदीस पूर आहे, पैलतीरीं एका बाईचा भाऊ आजारी आहे, आणि धुक्यांतून होडी येते, तिजमध्यें नावाडी नाहीं. मध्यें एका शब्दावर अडल्या. पंतांच्या ओठांवर रामनाम आलें. बाईसाहेब तो शब्द सोडून पुढें गेल्या, ओळ संपविली, आणि मागें येऊन म्हणाल्या, “हा शब्द मी शिकलें नाहीं. पण ती बाई त्यास धरोन होडी वळविते, तेव्हां सुकाणू असावें.” साहेबांनीं टोपी काढिली आणि म्हणाले, “कारभार आपलाच राहील. मी तसें आजच लिहितों.”

सर्वांचा जीव भांड्यांत पडला. पंत भर दरबारांत रडले, मास्तरांनीं त्यांस आपला रुमाल दिला, नगारखान्यास इशारत गेली, आणि साहेबांनीं पुस्तक परत घ्यावयास हात पुढें केला. बाईसाहेबांनीं तें सोडिलें नाहीं. पानावरची नजर न काढितां बोलिल्या, “साहेब, हें ठेवोन जा. ती बाई पैलतीरीं पोंचली कीं नाहीं, तें मला कळलें पाहिजे.”

येणेंप्रमाणें राज्य राहिलें आणि बाईसाहेबांस गंगातीरीं जावें लागलें नाहीं. साहेब पुस्तकाविना परत गेले. आम्ही जें पाहिलें तें लिहिलें, आणि लिहितांना आजही बरें वाटलें.