निघणाऱ्याला विचारू नये

समोरच्या ओगल्यांच्या विमानाचं पुढचं चाक, निघताना कुणी 'कुठं?' विचारलं की परत फिरतं.

विमान रिमोटवर उडणारं, आमच्या मोठ्या परातीत मावणार नाही एवढं. चाकं तीन. उडालं की तिन्ही पोटात जातात, उतरताना बाहेर येतात. जमिनीवर वळवायचं काम पुढच्या चाकाचं. पण पोटात जाताना ते अगदी सरळ हवं. वाकडं गेलं तर आत अडकतं. म्हणून ओगल्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी दोरे लावले होते आणि महिनाभर गच्चीवर ते ताणत, सैल सोडत बसले होते. मी अर्थातच बघायला गेले. तेवढ्यात चाक आत निघालं आणि माझ्या तोंडून गेलं, "कुठं निघालात?"

चाक थांबलं. परत बाहेर आलं.

"इंदूताई, निघणाऱ्याला असं विचारतात का?" ओगले म्हणाले. त्यांनी बाटलीच्या झाकणात पाणी आणून चाकापुढं ठेवलं. घटकाभर बसून ते मुकाट आत गेलं. चूक माझीच होती.

रविवारी माळावर पहिलं उड्डाण होतं. आधीचं विमान पोटावर उतरून मोडलं होतं. "हेही मोडलं तर तुमची खोली माझ्या पापड-कुरडयांना," असं शैलावहिनींनी नवऱ्याला बजावलं होतं. मी खबरदारी म्हणून तोंडात गुळाचा खडा धरून बसले.

विमान छान उडालं. उतरायच्या वेळी मागची दोन चाकं आली, पुढचं येईना.

"वाकडं गेलंय आत," ओगले खटका पुन्हा पुन्हा ओढत म्हणाले. "बॅटरी दोनच मिनिटं आहे."

"डबे मी घासूनच ठेवलेत," वहिनी म्हणाल्या. पण पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळत होत्या.

ओगल्यांनी माझ्याकडं पाहिलं. "इंदूताई, विचारा."

"नको बाई. तुम्हीच तर म्हणालात..."

"विचारा हो! एरवी सगळ्या गल्लीला विचारता!"

त्यांनी विमान आमच्या डोक्यावरून खाली आणलं. मी गूळ गिळला आणि ओरडले, "अहो, कुठं निघालात?"

चाक बाहेर आलं. थोडं नाराज दिसलं, पण सरळ होतं. विमान टेकलं, धावलं आणि डावीकडं वळून वहिनींच्या पायाशी थांबलं.

वहिनींनी स्वतः झाकणात पाणी ओतलं. "राहू दे तुमची खोली," त्या म्हणाल्या. "पापड इंदूताईंकडं ठेवीन."

मला बरं वाटलं. चटई गुंडाळली, ओगल्यांनी विमान काखेत घेतलं, आम्ही निघालो.

"आता कुठं, घरीच ना?" मी म्हटलं.

चटई परत अंथरली. सगळे बसलो. वहिनींनी बाटली फिरवली, आणि पहिलं झाकण चाकाला दिलं.