सिलिंडरनं धरलेलं दार

भर समुद्रात लोखंडी पायांवर उभा तेलाचा प्लॅटफॉर्म. तिथं स्वयंपाकघर आणि इंजिनखोलीच्या मधे एक जाडजूड दार होतं. आग पलीकडे जाऊ नये म्हणून ते आपोआप मिटायचं, आणि आचारीबुवांच्या दोन्ही हातांत पातेलं असलं की नेमकं पाठीत बसायचं. एकदा वैतागून बुवांनी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला नि दाराला टेकू लावला. म्हणाले, "चहा देऊन आलो की काढतो." राहिला तो राहिलाच.

मग हेलिकॉप्टरमधून सुरक्षासाहेब धोका-विश्लेषणाला उतरले.

साहेबांनी दार बघितलं, सिलिंडर बघितला. "आगीला अडवणारे दोन सुरक्षा-अडथळे एकाच जागी! उत्तम समन्वय."

"साहेब, तो मी आपला सहज ठेवलाय. काढतो."

"हात लावू नका! विश्लेषणात आलाय तो."

पुढच्या फेरीत साहेबांना शंका आली, सिलिंडर कुणी उचलला तर दार मिटेल आणि समन्वय बिघडेल. म्हणून सिलिंडर साखळीनं दाराला बांधला. साखळीला कुलूप. किल्ली हरवायला नको म्हणून ती किनाऱ्यावरच्या ऑफिसात.

"आणि आग लागली तर?"

"अर्ज करा. किल्ली हेलिकॉप्टरनं येईल. हवा चांगली असली तर."

बुवांची झोप उडाली. इंजिनखोलीत त्यांचा मेहुणा कामाला. बायकोनं बजावलेलं, "माझ्या भावाला काही झालं तर घरी येऊ नका."

एका दुपारी कढईतलं तेल पेटलं. ज्वाळा उघड्या दाराकडे वळल्या. पलीकडून मेहुणा ओरडला, "भावोजी, दार लावा!"

"लावतो रे बाबा, किल्ली येऊ दे!" म्हणत बुवांनी हाताला लागलं ते झाकण कढईवर आदळलं नि शेगडी बंद केली. आग गुदमरून मेली. बुवांची बोटं भाजली.

साहेब चौकशीला आले. "हे झाकण मंजूर अडथळ्यांत आहे?"

"नाही साहेब. भाजीच्या पातेल्याचं आहे."

"म्हणजे बिनमंजुरीच्या वस्तूनं आग विझवलीत! उद्या सगळ्यांना तीच सवय लागेल."

झाकण जप्त होऊन तपासणीसाठी किनाऱ्यावर गेलं. दारावर पाटी लागली, 'सर्व अडथळे जागेवर आहेत.' बुवांना सुरक्षेचा बिल्ला मिळाला. आता ते बिनझाकणाच्या कढईत तळतात, एक डोळा तेलावर, एक मेहुण्यावर.

हसताय? हसा. पण आधी तुमच्या जिन्यातला लाल सिलिंडर बघून या. भिंतीवर नाही मिळायचा, तिथं नुसता खिळा आहे. खाली बघा, वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराशी. कुणी ठेवलाय ते मी कशाला सांगू?