सेम्बावांगची शेगडी

शेगडी पेटवावी की नाही यावर शिरीषच्या घरी एकोणीस दिवस खल चालला आणि त्या एकोणीस दिवसांत पद्माकरराव त्या विषयावर एकदाच बोलले. तेही कोणी ऐकलं नाही.

सिंगापुरात शेगडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो शिरीषला विचारण्यात अर्थ नाही. सेम्बावांगला गोदीजवळ ज्या इंग्रजाने हा बंगला बांधला त्याला तो विचारायला हवा, आणि तो केव्हाच निघून गेला. त्याने मायदेशातल्या घराचा नकाशा जसाच्या तसा आणला असावा, कारण दिवाणखान्याच्या भिंतीत भलीमोठी फायरप्लेस होती. पुढे कोणी डेन्मार्कचा जहाज-इंजिनियर इथे भाड्याने राहिला. त्याला घरची फारच आठवण येत असणार. त्याने फायरप्लेसच्या पोकळीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवून घेतली, एका डिसेंबरात ती पेटवली, घामाघूम झाला आणि बदली होऊन गेला. शिरीष आणि मेधाने घर घेतलं ते अंगणातल्या रांबुतानच्या झाडाकडे बघून. शेगडीच्या पोटात इतके दिवस जुनी वर्तमानपत्रं राहत होती.

नोव्हेंबर २००६च्या अखेरीस पाऊस जो लागला तो हटायचं नाव घेईना. शिरीषच्या ऑफिसच्या बुटांवर हिरवी बुरशी आली. लेकीच्या, इराच्या, वह्या फुगल्या. टॉवेल वाळायचे नाहीत, नुसते जुने व्हायचे. आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पद्माकररावांच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

पद्माकरराव म्हणजे शिरीषचे वडील, वय बहात्तर. सरकारी बॉयलर निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं महाराष्ट्रातले साखर कारखाने त्यांनी पालथे घातले होते. जुलैत पुण्यात शिरीषची आई, मधुवंतीबाई, वारल्या आणि ऑगस्टमध्ये शिरीष वडलांना इकडे घेऊन आला. तेव्हापासून ते त्या खुर्चीत बसून होते. जेवण झालं का, झालं. चहा हवा का, चालेल. गाडी त्याच्यापुढे सरकत नसे. मुंबईच्या पावसात विमान अडकल्यामुळे शिरीष आईच्या अंत्यविधीला एक दिवस उशिरा पोचला होता. त्याबद्दल वडलांनी चकार शब्द काढला नव्हता आणि तेच शिरीषला आतून खात होतं. बाबांचं चार जानेवारीचं परतीचं तिकीट ते आले त्याच आठवड्यात काढून झालं होतं. पुण्याच्या तीन खोल्यांत ते एकटे राहणार होते. त्यांनी जाऊ नये एवढीच शिरीषची इच्छा होती, पण ती बोलून दाखवायची त्याची छाती नव्हती.

कल्पना मेधाची. ती म्हणाली, "बाबांना आगीतलं कळतं. आपण शेगडी पेटवू या. घर सुकेल, आणि ते निदान खुर्चीतून उठतील तरी."

आता ही कल्पना दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला सुचवली असती तर त्याच संध्याकाळी काय तो निकाल लागला असता. पण शिरीष बँकेत रिस्क विभागात होता. काय काय बिघडू शकतं याची यादी करण्याचा पगार त्याला मिळत असे, आणि हे काम तो घरीही फुकट करी. त्याने इंटरनेटवरून लाकडाच्या शेगडीच्या सुरक्षेबद्दल मिळेल ते छापून आणलं, फाइल केली आणि फाइलला क्रमांक दिला.

पहिल्या संध्याकाळी पद्माकरराव खरोखरच उठले. शेगडीसमोर वाकले, दार उघडून हात खांद्यापर्यंत आत घातला, वर काहीतरी चाचपलं, बोटांची काजळी रुमालाला पुसली आणि म्हणाले, "धुराला वाट नाही."

"हो बाबा, घेतलंय यादीत," शिरीष म्हणाला, आणि त्याने सतराव्या क्रमांकावर लिहिलं: धूर, तपासणे. त्याच्या आधी सोळा मुद्दे होते आणि शिरीष क्रमाने जाणारा माणूस होता. पद्माकरराव परत खुर्चीत जाऊन बसले.

पहिला मुद्दा लाकूड. लाकडात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसावी असं फाइलीत लिहिलं होतं. शिरीषने ओल मोजायचं यंत्र मागवलं. अंगणातल्या रांबुतानच्या फांदीत ते खुपसलं तर आकडा आला अठ्ठेचाळीस. मग तो बुकित तिमाहच्या एका पिझ्झावाल्याकडून गाडी भरून लाकडं घेऊन आला. ती गाडीतून घरात नेईपर्यंत एकतीसवर गेली. लाकूड वाळवायला उष्णता हवी, उष्णतेसाठी शेगडी हवी, आणि शेगडीला वाळलेलं लाकूड हवं. तीन दिवस शिरीष या चक्रात फिरला. शेवटी त्याने घरातली एकुलती एक कोरडी जागा लाकडांना दिली, ती म्हणजे नवरा-बायकोची एसीची बेडरूम. लाकडं पलंगावर ओळीने झोपली आणि शिरीष-मेधा दिवाणखान्यात चटईवर.

तिथेही सुख नव्हतं. शेगडीपासून मीटरभर काहीही जळण्यासारखं नको, हा मुद्दा चौथा, त्यामुळे सोफा व्हरांड्यात गेला आणि पहिल्याच सरीत त्याचा स्पंज झाला. मुद्दा सहा म्हणजे धुराची घंटा. शिरीषने त्या दोन लावल्या. त्या इतक्या इमानी निघाल्या की मेधाने मोहरी तडतडवली की दोन्ही कोकलायच्या. काढून ठेवू म्हटलं तर शिरीष म्हणे, घंटा काढणं हाच मोठा धोका. परिणामी त्या घरात नऊ दिवस फोडणी बंद झाली. बिनफोडणीचं वरण, बिनफोडणीची भाजी. मेधाने एकदा ताट पुढे ठेवून नुसतं नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घालून जेवण केलं.

पद्माकरराव हे सगळं खुर्चीतून बघत होते. बघत होते म्हणजे नजर तिकडे होती. एकदा लाकडांच्या खोलीवरून जाताना ते थांबले, एक ओंडका उचलून दुसऱ्यावर आपटला, वाळला आहे का ते आवाजावरून पाहिलं आणि ठेवून दिला. शिरीष यंत्राचा आकडा वहीत उतरवत होता. आपल्या वडलांसाठी आपण आग आणतो आहोत आणि त्यांना काडीलाही हात लावू देत नाही आहोत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अकरावा मुद्दा कवायतीचा. आग लागल्यास सर्वांनी रांबुतानच्या झाडाखाली जमायचं. एका सकाळी सात वाजता शिरीषने शिट्टी वाजवली. नऊ वर्षांची इरा दप्तरासकट बाहेर आली आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पपा, सो मच रेन, हाउ टू हॅव फायर, लाह?" मेधा हातात झारा घेऊन आली. पद्माकरराव कानटोपी घालून सर्वांत शेवटी आले आणि पावसात सहा मिनिटं उभे राहिले, कारण शिरीष हजेरी घेऊन वेळ लिहीत होता.

त्या सहा मिनिटांनी त्यांना खोकला लागला. दोन दिवस ते अंथरुणातच होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला पुतण्याला, अभयला, फोन लावला. शिरीष दारातच होता. बाबा फोनवर सांगत होते, "चार जानेवारीपर्यंत कशाला थांबायचं? चोवीस डिसेंबरचं मिळतंय का बघ. माझं इथे काही काम नाही." संध्याकाळी अभयचा उलट फोन आला. तिकीट मिळालं होतं.

शिरीष त्या दिवशी जेवला नाही. आठच दिवस उरले होते. उद्या शनिवार, उद्या पेटवायचीच, असं त्याने मेधाला सांगितलं. सतराव्या मुद्द्याचं काय, हे तिने विचारलं नाही, कारण यादी तिने कधी वाचलीच नव्हती. आणि शिरीषने वर्तमानपत्राचा बोळा शेगडीत धरून बघितला, तो जळला, तेव्हा धुराच्या पुढे टिकमार्क केला.

शनिवारी पाच वाजता समारंभ झाला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या. शिरीषने चामड्याचे लांब हातमोजे घातले. लाकडं एसीत राहून अठरा टक्क्यांवर आली होती आणि पहिल्या काडीला छान पेटली. पद्माकरराव खुर्ची सोडून दिवाणखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. मग काचेमागे धूर दिसला, तो वर गेला, वरून परत आला, आणि शेगडीच्या प्रत्येक फटीतून घरात शिरला.

दोन्ही घंटा बोंबलायला लागल्या. शिरीषने फाइल उघडली. धूर झाल्यास हवेची झडप पूर्ण उघडावी, असं छापलेलं होतं. त्याने उघडली. आग भडकली आणि धूर दुप्पट झाला. तेव्हा मात्र त्याने शिट्टी वाजवली आणि कवायतीचं चीज झालं. पन्नास सेकंदांत सगळे झाडाखाली होते. शेजारच्या बंगल्यातल्या चिनी आजीबाईंनी तेवढ्यात अग्निशमन दलाला फोनही केला.

इराने मोजलं. "आजोबा नॉट हियर," ती म्हणाली.

शिरीष आत पळाला. दिवाणखान्यात दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडलेल्या होत्या. शेगडीची झडप बंद केलेली होती. पद्माकरराव नाकाला ओला पंचा लावून शेगडीसमोर स्टुलावर बसले होते आणि काचेतून विझत जाणारी लाकडं बघत होते.

"बाबा, चला बाहेर."

"आता काही होत नाही. हवा तोडली आहे," ते म्हणाले. "वर धुराड्याचं तोंड बंद केलंय कोणीतरी. पहिल्या दिवशी हात घातला तेव्हाच वरून वारा लागला नव्हता." मग थोडं खोकून म्हणाले, "लाकूड मात्र छान वाळवलंस. एका काडीत धरलं."

शिरीषने शिट्टी खिशात घातली. तो जमिनीवरच बसला.

"तुझ्या आईच्या वेळी लाकूड ओलं होतं," पद्माकरराव म्हणाले. "विद्युतदाहिनी लोडशेडिंगमुळे बंद. लाकडांवर नुसती ताडपत्री टाकलेली. मी हात लावून बघायला हवं होतं. चौतीस वर्षं लोकांच्या भट्ट्या तपासल्या आणि त्या दिवशी बघितलं नाही. दोन तास धुमसत होतं. शेवटी स्मशानातल्या माणसाने रॉकेल ओतलं. तू आल्यावर तुला सांगायचं धाडस झालं नाही. तुझ्याकडे बघायलाच लाज वाटायची."

"मी यायला हवं होतं," शिरीष म्हणाला. "मला वाटलं, म्हणून तुम्ही बोलत नाही."

"विमान काय तू अडवलंस?"

धुराने दोघांचेही डोळे वाहत होते, ते एक बरं झालं. ऑगस्टपासून दोघं एकाच टेबलावर जेवत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचीच भीती वाटत होती. शिरीषने हातमोजे काढले आणि वडलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पद्माकररावांनी तो झटकला नाही. त्याच वेळी मोठे बूट घातलेले चार जवान आत शिरले आणि त्यांनी दोघांनाही काखेत धरून पावसात आणून उभं केलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. जवान छपरावर चढले. डेन्मार्कच्या इंजिनियरने जाताना वटवाघळं येऊ नयेत म्हणून धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठोकला होता आणि बिचाऱ्याने तो चांगल्या जाड खिळ्यांनी ठोकला होता. मलय अधिकाऱ्याने, इथला जबाबदार माणूस कोण, असं विचारलं. शिरीषने बेचाळीस पानांची फाइल पुढे केली. अधिकाऱ्याने ती भिजलेली फाइल एका बोटाने उघडली, मिटली आणि म्हाताऱ्याकडे वळला, कारण तोवर पद्माकरराव मोडक्या इंग्रजीत जवानाला धुराड्याचा ओढा, म्हणजे हवेची वर जाण्याची ओढ, कशी मोजायची ते शिकवायला लागले होते. अधिकारी आणि पद्माकरराव शेगडीपाशी गेले. वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आतून पद्माकररावांचा आवाज ऐकू येत होता. तो आवाज ऐकून मेधाने शिरीषकडे बघितलं. ऑगस्टपासून त्या घरात इतका खणखणीत तो कोणी ऐकला नव्हता.

अधिकाऱ्याने छापील कागद काढला. जबाबदार व्यक्ती या रकान्यात पद्माकररावांनी आपलं संपूर्ण नाव, त्याखाली 'निवृत्त बॉयलर निरीक्षक' असं इंग्रजीत लिहिलं, चष्मा लावला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. पुढची तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवायची नाही, एवढं बजावून बंब निघून गेला.

घर आता ओलं होतंच, वर काळंही झालं. गणपतीच्या तसबिरीवर काजळी, पडद्यांना धुराचा वास. मेधाने दोन्ही घंटा काढून खोक्यात भरल्या आणि वरणाला हिंग-मोहरीची सणसणीत फोडणी दिली. सगळे दोन-दोनदा वाढून घेऊन जेवले. मधुवंतीबाईंच्या चितेचं काय झालं ते आता घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि त्याने दुःख काही कमी झालं नव्हतं. फक्त ते आता एकट्याचं नव्हतं.

जेवणानंतर शिरीषने तो कागद पुसून नव्या फाइलीत लावायला घेतला आणि सवयीने खालची बारीक अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"बाबा, पाच जानेवारीला पुन्हा तपासणी आहे. आणि ज्याने सही केली आहे त्याने स्वतः घरी हजर राहायचं असं लिहिलंय."

"हो," पद्माकरराव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं?"

"चौतीस वर्षं असे कागद मीच लोकांच्या पुढे धरायचो. एकानेही कधी वाचून सही केली नाही. मी वाचला."

शिरीषने विचारलं, "मग चोवीसचं तिकीट?"

पद्माकररावांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "आता कसं जमेल? सरकारी काम आहे."