लाल शाई, लाल दिवा

फोटोला कॅमेरा लागतोच कशाला? मी तर म्हणतो, कॅमेरा म्हणजे कलावंताच्या गळ्यातली धोंड!

हे मी घरातल्या सगळ्यांना, दूधवाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलांना ऐकवून झालं होतं. कृती सोपी. अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावायचा. फोटोच्या कागदावर किल्ली, पीस, कात्री, वाटेल ते ठेवायचं. वरून दोन सेकंद टॉर्च मारायचा आणि कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये बुडवायचा. उजेड पडला तिथे काळं, सावली पडली तिथे पांढरं. लाल उजेड मात्र त्या कागदाच्या गावीही नसतो. "जे ठेवाल तेच उमटतं," मी प्रत्येकाला बजावायचो, "यात खोटं बोलायची सोयच नाही!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

अंधारी खोली म्हणजे आमचं बाथरूम. बायकोने शनिवारची दुपार मला मंजूर केली होती, तीही हजार अटी घालून. मी सकाळीच खिडकीला काळा कागद चिकटवला, नेहमीचा दिवा काढून लाल बसवला, कपडे धुवायच्या मशीनवर ट्रे मांडले आणि जेवायला बसलो. तेवढ्यात सासऱ्यांनी डाव साधला.

आमचे सासरे निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं लाल शाईने जगाच्या चुका काढल्या. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले, तेव्हा जगाच्या वाट्याची शाई माझ्या एकट्याच्या वाट्याला आली. मी लिहिलेल्या किराण्याच्या यादीतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा सुधारून मगच दुकानात जातात! त्यांचा दुसरा जीव कुंडीतल्या फर्नवर. कुंड्यांच्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं त्यांचा दुसरा नंबर. पहिला कोणाचा? खालच्या वकिलांचा! यंदा मात्र फर्नच्या मधोमध एक पान असं काही देखणं फुटलं होतं, की सासरे रोज पट्टी घेऊन त्याची उंची मोजत. "यंदा नाही तर कधीच नाही," ते म्हणायचे. प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. दमट हवेत पान तजेलदार राहील म्हणून, मी आमटीभात ओरपत असताना त्यांनी ती कुंडी बाथरूमच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

हे मला कोणी सांगायला नको?

मी दार लावून कामाला लागलो. किल्ल्या झाल्या, कंगवा झाला, बायकोच्या हेअरपिना झाल्या. सगळी चित्रं बरी आली, पण काळजात घुसेल असं एकही नाही. आणि मग कोपऱ्यातली कुंडी दिसली. लाल उजेडात हिरवं पान काळंकुट्ट दिसतं, त्यामुळे ही कुठली कुंडी हे कळेना. गॅलरीत फर्नच्या अकरा कुंड्या आहेत, त्यातलीच एखादी पाणी घालायला आणली असेल, असं धरून चाललो. मधल्या पानाला दोऱ्याने एक पातळ कागदाची चिठ्ठी बांधली होती. डोळ्यांशी धरून पाहिली. कोरी!

कचकन पान कापलं. चिठ्ठीसकट कागदावर मांडलं, वर काच दाबली आणि टॉर्च मारला. कसलेला माणूस या वेळी डोळे मिटून घेतो, म्हणजे दिपत नाहीत. मीही मिटले. एक, दोन, बंद!

डेव्हलपरमध्ये कागद हलवू लागलो आणि काय सांगू! काळ्याभोर पाण्यातून वर यावं तसं पान वर आलं. एकेक पाती, एकेक शीर! मी स्वतःचीच पाठ थोपटणार, तेवढ्यात खालची चिठ्ठी राखाडी होऊ लागली आणि तिच्यावर पांढरी अक्षरं उमटली.

'या पानाला हात लावू नये.'

मग त्याखाली दुसरी ओळ. 'जावईबापूंनी तर मुळीच नाही.' खाली दोन रेघा!

लाल शाई लाल दिव्यात दिसत नाही हो! माझ्या डोळ्यांना दिसली नाही, टॉर्चच्या उजेडात कागदाला मात्र बरोब्बर दिसली.

आणि नेमकी दारावर थाप पडली.

"जावईबापू, दार उघडा. कुंडीवर पाणी फवारायचंय."

"बाबा, उघडलं तर माझे सगळे कागद काळे पडतील!"

"पडू देत. माझं पान पिवळं पडलं तर?"

"पान एकदम मजेत आहे, बाबा!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? त्याला हात लावू नका म्हणजे झालं!"

"छे, छे! मी कशाला लावतोय!"

त्यांची पावलं लांब गेल्यावर मी शस्त्रक्रियेला बसलो. देठ ओल्या मातीत खोल खोचला, काडेपेटीची एक काडी आधाराला लावली, दोऱ्याने बांधली, वर माती सारखी केली आणि चिठ्ठी होती तशी अडकवली. काचेखाली दबून पान इस्त्री केल्यासारखं सपाट झालं होतं. पण उभं राहिलं! चित्र तिथल्या तिथे फाडायला हवं होतं. हात धजला नाही. आयुष्यातलं सर्वोत्तम काम होतं ते! सुकवलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारलं.

रविवारी सकाळी सासरे कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि मी शेजारी जीव मुठीत धरून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या नावाने खणलेला होता! प्रदर्शनात परीक्षकबाई भिंग घेऊन टेबलापाशी आल्या, तेव्हा सासरे कुंडीला अगदी खेटून उभे होते, एक बोट मातीवर टेकवून. काय ती माया! मला भरून आलं आणि अपराधीही वाटलं.

"पान इतकं सपाट कसं हो?" बाईंनी विचारलं.

"शिस्त," सासरे म्हणाले.

पहिला नंबर! वकिलांचा दुसरा! सासऱ्यांनी कप छातीशी धरला तो घरी येईपर्यंत खाली ठेवला नाही.

संध्याकाळी वकील अभिनंदनाला आले. हरलेला माणूस जितक्या आनंदात असू शकतो तितक्या आनंदात होते. बायकोने चहा दिला आणि कौतुकाने म्हणाली, "अहो, तुमची चित्रं दाखवा ना त्यांना!" आणि तिने आख्खा गठ्ठाच त्यांच्या हातात दिला. मी अडवायला हवं होतं. पण समोर श्रोता मिळाला की माझी जीभ मला विचारते का?

"जे ठेवाल तेच उमटतं, वकीलसाहेब! खोटं बोलायची सोयच..."

वकील शेवटच्या चित्रावर थांबले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे तर बक्षीस मिळालेलं पान!" ते सावकाश म्हणाले. "म्हणजे ते कागदावर ठेवलं होतं? कापल्याशिवाय कसं ठेवलं?"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी बक्षिसाच्या कपाकडे बघू लागलो. कप आता खालच्या मजल्यावर जाणार, आणि माझी रवानगी त्याहूनही खाली.

सासऱ्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून दोन्ही ओळी शांतपणे वाचल्या. सवयीने खिशातल्या पेनाकडे हात गेला, परत आला.

"कुंडी आडवी धरून पान कागदावर टेकवलं," ते म्हणाले. "मी स्वतः धरली होती."

"पण चिठ्ठीवर तर हात लावू नये, असं..."

"म्हणूनच मी धरली. यांना लावू दिला नाही."

वकिलांनी चहा संपवला आणि गेले. दार लागलं. मी सासऱ्यांच्या पायाशीच बसलो.

"बाबा, चुकलो. पण तुम्ही मला वाचवलंत!"

"तुम्हाला नाही, कपाला." त्यांनी चित्र घडी न घालता स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "आणि जावईबापू, पुढच्या वेळी काडी लावाल तेव्हा तिचं गुलाबी टोक आधी मोडा. रिक्षात माती सरकली आणि ते वर आलं. परीक्षकबाई जाईपर्यंत मला बोटाखाली दाबून धरावं लागलं."

तेव्हापासून आमचं दोघांचं उत्तम जमतं. चाळीस वर्षांची सवय मोडून सासरे आता निळ्या शाईने लिहितात. लाल दिव्यात ती झकास वाचता येते. कालच पहिली चिठ्ठी वाचली. माझ्याच फोटोच्या कागदांच्या डब्यावर होती.

मजकूर तोच, दोन रेघांसकट.