घरातली माणसं: तीन

"नमस्कार. मी दुभाषी क्रमांक पाचशे बारा. इथे जे काही बोललं जाईल ते गुप्त राहील," फोनवरची बाई म्हणाली, आणि मुनिसाला दरदरून घाम फुटला. आवाज ओळखीचा होता.

फिलाडेल्फियाच्या त्या इमारतीत सहा बिऱ्हाडं होती, आणि त्यातली पाच उझबेक. मुनिसा आणि तिचा नवरा ओयबेक यांना मायदेशातल्या नमनगानहून येऊन चार महिने झाले होते. आरोग्य विम्याच्या अर्जासाठी मुलाखत फोनवर व्हायची होती. सरकारी कचेरीतल्या मिसेस डोनेली इंग्रजीत विचारणार आणि दुभाषी ते उझबेकमध्ये सांगणार, अशी व्यवस्था होती. व्यवस्था उत्तम होती, फक्त दुभाषी बाईंचा आवाज थेट वरच्या मजल्यावरच्या दिलोरोम ओपासारखा होता.

दिलोरोम ओपा म्हणजे साऱ्या वस्तीची थोरली बहीण. कोणाचे भट्टीतले समसे करपले, कोणाच्या जावयाने दाढी का वाढवली, कोणाला माहेरून किती दिवसांत फोन नाही, हे सगळं तिला त्या त्या माणसाच्या आधी कळायचं. ती घरबसल्या कानाला यंत्र लावून कसलंसं काम करते, एवढं मुनिसाने ऐकलं होतं. कसलं, ते कधी विचारलं नव्हतं.

नसेल ती, मुनिसाने मनाला समजावलं. एवढ्या मोठ्या देशात उझबेक बोलणाऱ्या बायका काय कमी आहेत? तेवढ्यात वरच्या मजल्यावर धाडकन झाकण पडलं, आणि क्षणभराने तेच झाकण फोनमध्येही पडलं.

"माफ करा, इकडे जरा आवाज झाला," पाचशे बारा म्हणाली.

आता शंकेला जागाच उरली नाही. आणि मुनिसाला तर नेमकी एकच गोष्ट लपवायची होती. मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी साऱ्या गल्लीला पुलाव जेवू घातला होता, आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दृष्ट लागली, असा निकाल त्यांनीच दिला. या खेपेला त्यांची सक्त ताकीद होती, पोट लपेनासं होईपर्यंत चिमणीलाही कळता कामा नये. मुनिसाचा दृष्टीवर फारसा विश्वास नव्हता, पण पारखून बघायची हिंमतही नव्हती. आणि मागची हकिगत ऐकल्यामुळेच डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी तपासणीला बोलावलं होतं. तोवर विमा मंजूर झाला नाही तर तपासणीही लांबणार होती.

नाव, पत्ता, जन्मतारीख झाली. पाचशे बाराने स्वतःच्याच इमारतीचा पत्ता आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखा उच्चारला.

"मिसेस डोनेली विचारतायत, तुम्ही गरोदर आहात का?"

मुनिसाने छताकडे पाहिलं. "नाही."

"अर्जात लिहिलंय, आहात."

"अर्ज नवऱ्याने भरलाय. त्यांना काय कळतंय?"

"दवाखान्याचा कागदही जोडलाय. त्यावर तुमचंच नाव आहे."

"आमच्यात मुनिसा नावाच्या ढीगभर असतात हो."

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मुनिसाला तो आवाज मुळीच आवडला नाही.

"बरं. घरात माणसं किती?"

"दोन."

"अर्जात तीन लिहिलीत. तिसरं कोण?"

पोटातलं मूलही मोजायचं असतं, असं ओयबेकला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने इमानदारीत मोजलं होतं.

"पाहुणा," मुनिसा म्हणाली.

"कधीपासून राहतोय?"

"अजून आलेला नाही."

"मग कधी येणार?"

"डिसेंबरात."

"परत कधी जाणार?"

"जाणार नाही. इथेच राहणार."

"काही कमावतो?"

"नाही हो! लहान आहे."

"किती लहान?"

"खूपच," मुनिसा म्हणाली.

पाचशे बाराने हे सगळं एकही शब्द न गाळता इंग्रजीत पोचवलं. मग मिसेस डोनेलींचा सूर बदलला. तो कळायला मुनिसाला दुभाष्याची गरज पडली नाही.

"मिसेस डोनेली म्हणतायत, डिसेंबरात तुम्ही एका लहान मुलाला इथे आणणार, त्याचे कागदपत्र नाहीत आणि ते परत जाणार नाही. हे त्यांना वरिष्ठांना कळवावं लागेल. आणि तुम्ही गरोदर नाही म्हणताय, म्हणून हा अर्ज त्या नामंजूर करतायत. नवा अर्ज करा. सहा आठवडे लागतील."

सहा आठवडे! शुक्रवार परवावर आला होता.

"दुभाषी स्वतःच्या वतीने काही सांगण्याची परवानगी मागतेय," पाचशे बारा म्हणाली आणि तिने इंग्रजीत जी गाडी सोडली ती थांबेचना. झालं, मुनिसाला वाटलं, हिने आता सासूबाईंच्या पुलावापासून सगळं सांगितलं.

"मी त्यांना म्हटलं," बाई पुन्हा उझबेकमध्ये आली, "की आमच्यात ही गोष्ट कोणी चटकन तोंडावर आणत नाही. त्या म्हणतायत, त्यांना समजलं. पण तुम्ही स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही."

एकीकडे दिलोरोम ओपाची दृष्ट आणि दुसरीकडे शुक्रवार. मुनिसाने पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"हो," ती म्हणाली. "आहे मी. शुक्रवारी वीस आठवडे होतील. बाळाचे ठोके बघायचेत. मागच्या वेळी ते कधी थांबले, ते आम्हाला कळलंही नव्हतं. म्हणून मला शुक्रवार चुकवायचा नाहीये."

पाचशे बाराने खाकरून ते इंग्रजीत सांगितलं, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. मिसेस डोनेलींनी पाहुण्याची भानगड खोडून टाकली, कुटुंबात तीन माणसं कायम केली आणि अर्ज मंजूर केला.

विमा मिळाला, पण मुनिसाची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी नान घ्यायला गेली तर बेकरीवालीने एक नान जास्त दिला. का दिला? कपडे धुवायला तळघरात उतरली तर शेजारीण म्हणाली, "सावकाश गं, जिना ओला आहे." जिना रोजच ओला असतो, आजच कसा दिसला? खुद्द दिलोरोम ओपा जिन्यात भेटली, ती फक्त उकाड्याबद्दल बोलली आणि निघून गेली. हे तर सगळ्यात संशयास्पद होतं.

"अहो, तिने गावभर केलंय," मुनिसाने ओयबेकला फोनवर सांगितलं. तो ट्रक घेऊन नेब्रास्कात कुठेतरी होता.

"तुला कोणी काही बोललं का?"

"नाही ना! तेच तर!"

शनिवारी सकाळी दिलोरोम ओपा दारात हजर झाली. तोंड फुगलेलं होतं.

"मी भांडायला आलेय," ती बसता बसता म्हणाली. "तीन आठवडे! तीन आठवड्यांमागे तुझ्या सासूने नमनगानात तिच्या बहिणीला सांगितलं. फक्त बहिणीला हं. त्या बहिणीच्या सुनेची बहीण कोण? ही आपली बेकरीवाली!"

चिमणीलाही कळता कामा नये म्हणणाऱ्या सासूबाई!

"सगळ्या इमारतीला माहीत आहे. परवा बेकरीवाली चारचौघींत मला म्हणते, 'दिलोरोम, तुला माहीत नाही? तुला?' आणि मला म्हणावं लागलं, नाही बाई, मला काही माहीत नाही. जन्मात असं म्हणायची वेळ आली नव्हती माझ्यावर! सगळ्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत होत्या."

"पण असं म्हणावं का लागलं, ओपा?"

दिलोरोम ओपा चहाच्या किटलीकडे बघायला लागली. "म्हणजे काय? माहीत नव्हतं म्हणूनच ना!" मग ती पुढे झुकली. "तर आता तू सांग. तुझ्या तोंडाने. म्हणजे मला रीतसर कळलं असं होईल."

मुनिसाला हसू आवरेना. एवढ्या जणींनी तीन आठवडे पोटभर नजर लावली होती, आणि दृष्ट कुठे फिरकली नव्हती.

"ओपा, मला दिवस गेलेत. पाचवा लागलाय."

"अगंबाई!" दिलोरोम ओपाने छातीवर हात ठेवला. असं आश्चर्य मुनिसाने कुठल्या नाटकातही पाहिलं नव्हतं. "आणि मला पत्ताही नाही! कोणाला सांगू नको ना?"

"सांगा खुशाल."

चहा तसाच टाकून ओपा उठली. दारात एक चप्पल घातली, दुसरी पायात जाईना म्हणून हातातच घेतली. दोन पायऱ्या चढून ती थबकली. मागे वळली तेव्हा तिचा चेहरा भांडायला आलेल्या बाईचा राहिला नव्हता.

"शुक्रवारी ठोके नीट लागले ना गं?" तिने हळूच विचारलं.

शुक्रवारचं सासूबाईंनासुद्धा सांगितलेलं नव्हतं. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं मुनिसाने विचारलं नाही.

"लागले, ओपा," ती म्हणाली. "चांगले जोरात लागले."