अधिकृत बैल

आमच्या ओतारिसावा गावात बर्फ वितळला की नाही, हे नगरकचेरीचा बर्फ निरीक्षण विभाग ठरवतो. बर्फाचं मत विचारात घेतलं जात नाही.

पद्धत जुनी आहे. वसंतात समोरच्या उशिदाके डोंगरावरचा बर्फ जागोजागी विरघळतो, खालची काळी माती उघडी पडते आणि पांढऱ्या उतारावर एक काळा बैल उभा राहतो. बैल दिसला की वरच्या तळ्याचा दरवाजा उघडायचा, म्हणजे वितळून येणाऱ्या पाण्याला जागा होते. पूर्वी ज्याला बैल दिसे तो ओरडे. आता विभागप्रमुख कुरामोची तो जाहीर करतात.

यंदा बैल मार्चमध्येच आला. पंचाईत अशी, की बैल जाहीर करण्याचा बैलोत्सव मे महिन्याच्या सुट्टीत ठरलेला आणि टोकियोहून येणाऱ्या बसगाड्या आधीच भरलेल्या.

तळ्याच्या बांधाखाली मिनेआजींचं घर, घरात मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, पिंपं. तळं काठोकाठ भरलेलं पाहून त्या कचेरीत गेल्या.

“साहेब, बैल आलाय. दरवाजा उघडा, नाहीतर माझं घर जाईल.”

“आजी, तो तात्पुरता बैल आहे,” कुरामोची कमरेत वाकून म्हणाले. “शेपूट अजून निश्चित झालेलं नाही.”

“म्हणजे ते हलेपर्यंत थांबणार?”

“आपल्या भावना वर कळवतो.”

“वर कुठं? वर तर तळं आहे!”

मग सगळं गावच डोंगराकडे बोट दाखवू लागलं, तेव्हा विभागाने माणसं पाठवून पांढऱ्या ताडपत्र्यांनी बैल झाकला. ताडपत्र्या अगदी बैलाच्या मापाने कापल्या होत्या. असल्या कामात आमची कचेरी कसूर करत नाही. इतर लोक बैल गेल्यावर झोपा करतात. आम्ही बैल असतानाच त्याला गायब केलं. बैल नाही, म्हणून दरवाजा बंद राहिला.

एप्रिलमध्ये तळं बांधावरून उसळलं. शेजाऱ्यांनी आजींना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. घर आणि पिंपं वाहून गेली.

आजी पुन्हा कचेरीत गेल्या. कुरामोची म्हणाले, “बर्फ वितळल्याची घोषणा झालेली नाही. मग हे पाणी कसलं, ते आधी सांगा.”

“तुमच्या लाजेचं म्हटलं असतं,” आजी म्हणाल्या, “पण ती इतकी कुठली असायला!”

मे उजाडला. ढोल घुमले, बसगाड्या आल्या. डोंगरावर बर्फाचा कण उरला नव्हता. ताडपत्र्या काढणं मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हतं, त्यामुळे काळ्या उतारावर पांढराशुभ्र बैल शेपटीसकट झळकत होता. कुरामोचींनी क्षणभर घाम पुसला आणि कर्ण्यावरून जाहीर केलं, “बैल आला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. तळ्याचा दरवाजाही नियमाप्रमाणे उघडला. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि मीही टाळ्या वाजवत होतो.

त्या बैलाचा फोटो तुम्ही पाहुण्यांनी पाहिलाच आहे. मिनेआजींच्या घराच्या जागेवरून तो फार सुंदर येतो, मध्ये काहीच आडवं येत नाही. “जागा किती छान मोकळी ठेवलीय,” असं तुम्हीच म्हणालात ना?